चाड्यावरची मूठ

हरभऱ्याच्या मर रोगावर पीएचडी झाली आणि जयमाला पेढे घेऊन थेट सोनईला, मालनबाईंच्या वस्तीवर गेली. अभ्यासासाठी वाळलेली झाडं तिनं दरसाल त्यांच्याच रानातून नेली होती.

"मर रोग आणणाऱ्या बुरशीत एक प्रथिन असतं, मालनताई. तेच तिच्या बाकीच्या जनुकांना कामाला लावतं. ते काढून टाकलं, तर बुरशी मुळांत शिरते, पण झाड मरत नाही."

"मंग औषद आलं म्हना की!"

जयमालाचा चेहरा उतरला. "नाही हो. औषधाला अजून कैक वर्षं लागतील." इतकी वर्षं यांचं रान उपटलं आणि हातावर काय ठेवलं, तर पेढा! तिला ओशाळल्यासारखं झालं.

पडवीत मालनबाईंच्या सासूबाई, आक्काबाई, उद्याच्या पेरणीचं बियाणं सुपात निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "पोरी, म्हंजी हरबरा वाळवायचा हुकूम त्या बुरशीच्याच पोटातनं निघतो?"

"हो, आजी."

"पेरनाऱ्याच्या हाताचा काय संबंद न्हाई?"

"हाताचा? छे, काहीच नाही."

म्हातारी खांबाला धरून उठली आणि अख्खं सूप तिनं सुनेच्या ओटीत रितं केलं. "मालन, उद्या पाभरीच्या चाड्यावर मूठ तू धर. बी तुज्याच हातानं सोड."

आक्काबाई आत गेल्यावर मालनबाईंनी जयमालाचे दोन्ही हात घट्ट धरले.

"औषद येईल तवा येईल, बाई. लग्नाच्या साली मी पेरलेला हरबरा वाळला, तवापासून या घरात मला बियान्याला शिवू दिलं नव्हतं."