बाबांनी काढलेला गोल

अरे ऐका ना, माझी ताई मत्स्य खात्यात तज्ज्ञ आहे, माहितीये ना? नव्या बंदराचा पर्यावरण अहवाल करायला बंदर खात्याने तिला सहा महिन्यांसाठी उसनं मागून घेतलं. मासे अंडी कुठे घालतात ते तिने दाखवायचं, म्हणजे ती जागा वाचेल.

ताई तडक बाबांकडे आली. बाबा तीस वर्षं मासेमारीला एकाच खडकापाशी होडी नेतात, मासे तिथेच अंडी घालतात, आणि ती जागा त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलेली नाही.

"बाबा, सांगा ना. माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर गं, वेडे?" म्हणत बाबांनी स्वतःच्या हाताने नकाशावर गोल काढून दिला.

काल अहवाल आला. बंदरातून उपसलेला सगळा गाळ टाकायला बरोब्बर तोच गोल निवडलाय! पुढे कारण छापलंय, 'येथे एकच होडी येते, त्यामुळे विरोध होणार नाही.'



खाली सही ताईची, आणि हुद्दा आता उसना नाही, बंदर खात्यातला कायमचा.