बिनआवाजाचा फिल्टर

"तेका सांग, ह्यो फिल्टर लहान पडतलो," दत्ताराम बायकोला म्हणाला.

शेवंताने मान वळवली. रघुवीर तिच्या दुसऱ्या खांद्याशीच उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. तरी तिने सांगितलं, "भावजी, हे म्हणतात, लहान पडेल."

"वयनी, तेंका सांगा, चार फुटांच्या तळ्याक ह्योच पुरे."

परळच्या शोभेच्या माशांच्या दुकानात अर्धा तास हेच चाललं होतं. चाळीमागच्या परसात दत्तारामने हौसेने एक छोटं तळं बांधलं होतं. निम्मी जागा शेजारच्या रघुवीरची, म्हणून निम्मे मासेही त्याचे, असा तोडगा शेवंतानेच काढलेला. आता पाणी हिरवं झालं, तीन मासे उताणे तरंगले. फिल्टर एक, मालक दोन, आणि मालकांत बोलणं नाही.

एकेकाळी दोघं गिरणीत शेजारशेजारच्या मागांवर होते. संपात दत्ताराम घरी बसला आणि रघुवीर संप मोडून मध्येच कामावर गेला. त्याची पोरगी तापाने फणफणली होती, हे दत्तारामला मागाहून कळलं. तोवर त्याने भर चाळीत गावदेव रवळनाथाची शपथ घेतली होती, की ह्याच्याशी तोंडातून एक शब्द काढणार नाही. राग कधीच विरला होता. पंधरा वर्षं तो मित्रासाठी आतल्या आत झुरत होता. पण रवळनाथ कोकणात असला तरी त्याचे कान परळपर्यंत पोचतात, याबद्दल त्याला शंका नव्हती.

दुकानदाराने परदेशी फिल्टर लावला. "बघा काका, बिनआवाजाचा. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

त्या शांततेत दोघे मित्र दोन दिशांना बघत उभे राहिले.

"आणि हा आपला देशी." दुकानदाराने बटण दाबलं. असा खडखडाट सुटला, की फळीवरच्या बरण्या नाचायला लागल्या. शेवंताने कानांवर हात दाबले.

रघुवीरचा चेहरा मात्र उजळला. गिरणीत शेकडो मागांच्या गदारोळात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून विणकर हातांनी बोलत. त्याने दुकानदाराकडे डोळे वळवले आणि नसलेल्या मिशीला पीळ दिला. म्हणजे, मुकादम आला, कामाला लाग!

दत्तारामला फसकन हसू आलं. कळायच्या आत त्याचा हात उठला आणि एका डोळ्यावर गेला. म्हणजे, घाबरू नको, त्याला दिसत नाही.

रघुवीर त्याच्याकडे वळला. त्याने दोन बोटं जुळवली आणि तटकन वेगळी केली. दोरा तुटला. मग चिमटीत हवा पिळून भुवया उंचावल्या. गाठ मारू?

दत्तारामचे डोळे भरून आले. त्याने शपथ मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिली, अगदी शब्दन् शब्द. हातांबद्दल तिच्यात काहीच नव्हतं. त्याने चिमटी वर धरली आणि पीळ दिला.

दुकानदाराने यंत्र बंद केलं. "हा नका घेऊ, काका. ह्याच्याजवळ बसलात तर एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही."

"म्हणून तर हाच पायजे," दत्ताराम म्हणाला. "पंधरा वर्षांचं बोलायचं राहिलंय."