जाड टाइप

जयवंत डिचोलीच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचा. तिथला सर्वांत जाड, गोलसर टाइप नाटकांच्या जाहिरातींसाठी होता. बायकोची, सुमंगलाची, नजर अधू झाल्यापासून तो कुवेतहून आलेलं मुलाचं पत्र त्याच टाइपात छापून घरी न्यायचा. एक शब्दही बदलायचा नाही, अशी तिची अट होती. गोवा घटकराज्य झालं त्या आठवड्यात तो टाइप अभिनंदनाच्या पोस्टरांत अडकला आणि नवं पत्र तीन दिवस जयवंतच्या खिशातच राहिलं. मुलानं लिहिलं होतं, "यंदा चवथीला सुट्टी मिळत नाही. आईला समजावा." टाइप सुटल्यावर त्यानं तेही जसंच्या तसं छापलं. सुमंगला कागद घेऊन दारातल्या उजेडात बसली. बराच वेळ पाहून ती हसली. "चवथीक येतलो म्हणता. यंदा गणपतीच्या माथ्यार फळांची माटोळी मोठी बांधया." कागद तिच्या हातात उलटा होता. "बांधया," जयवंत म्हणाला.