टीव्हीवरची लेक

मोतीराम सुतारांनी पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी घडवलेले लाकडी बैल टीव्हीवरच्या कारागिरांच्या स्पर्धेत पोचले आणि चित्रीकरणाला माणसं थेट अमरावतीच्या घरी आली. दिग्दर्शकाने माधवीच्या हातात कागद दिला. वडिलांच्या गळ्यात पडून एवढं कौतुक बोलायचं.

"लिहून दिलेलं मी बोलणार नाही," ती म्हणाली.

मोतीराम रंधा मारता मारता हसले. "राहू द्या, साहेब. आमच्या घरी असं कोनी बोलत नाही. पोरगी जेवाले हाक मारते, तेवढं पुरते."

त्याच रात्री ते झोपेतच वारले.

महिन्याभराने तो भाग लागला. पडद्यावर पाठमोरी माधवी वडिलांना चहा देत होती आणि कुणा दुसऱ्याच मुलीचा रडवेला आवाज त्यांचं कौतुक करत होता. शेजारणींनी डोळे पुसले.

"मी तवा सैपाकात होती," आई म्हणाली. "बरं झालं बाई, तू बोलली. त्याइच्या कानावर तरी पडलं."

माधवीने मान डोलावली.

सगळ्या गेल्यावर ती फोटोपुढे उभी राहिली.


"बाबा, ती मी नव्हती. मी आता बोलून राहिली. तुमच्या हातचा बैल मले जिता वाटे."