वजा केलेली हवा

साहेबांना तळं स्वच्छ पाहिजे होतं, निदान नकाशात तरी. म्हणून गुलबर्ग्याच्या कार्यालयात थकलेली नेत्रावती संगणकावर उपग्रहाच्या फोटोतून तळ्यावरची धूळ आणि हवा वजा करत बसली होती. कोहिनूर गावाजवळच्या त्याच तळ्यात मृत्युंजय होडीतून पाण्याचे नमुने घेत होता. दोघांचा फोन चालूच होता.

तिनं एकदा हवा वजा केली.

“अक्का, वारं एकदम पडलं बघ.”

“काम कर. बहाणे नकोत.”

फोटो अजून धुरकटच होता. तिनं पुन्हा वजा केली.

“अक्का, दम लागायलाय.”

“बिड्या कमी कर,” म्हणून ती हसली आणि एकदम थांबली. घाईनं तिनं सगळं रद्द केलं.

तरी पडद्यावर हवा वजा होतच राहिली, तळं काळंभोर होत गेलं. फोनवर वल्ह्याचा आवाज येत होता. श्वासाचा येत नव्हता.