समाधानी ग्राहक

“तुमच्याकडे लाईट आहे, आजी,” वीज कार्यालयाच्या खिडकीतला कारकून पडद्याकडे बघत म्हणाला.

“मग माझेच डोळे गेले असतील,” थोरली म्हणाली.

अख्खी गल्ली तिला थोरली म्हणायची, आणि तिच्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. काल संध्याकाळी घरातली लाईट गेली. नवऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन तेव्हापासून गप्प पडलं होतं आणि तो राखीव सिलिंडरवर श्वास ओढत होता. हे तिने दोनदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा तर सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

कारकून पोरगा तसा वाईट नव्हता. त्याने समजावलं, की कालची तक्रार ठरल्या वेळात कुणी पाहिली नाही, म्हणून सिस्टीमने ती आपोआप ‘सोडवली’ म्हणून मिटवून टाकली. नवी घ्यायची तर आधी जुन्या कामाला मोबाइलवर पाचपैकी तारे द्यायचे. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

दाराशी वायरमन उभा होता. कोपऱ्यावरच्या डीपीतला फ्यूज उडालाय हे त्यालाही ठाऊक होतं. थोरलीने त्याचं मनगट धरलं, पण तो जागचा हलेना. फोनवर काम आलं, की लाईन बंद केल्याचा निरोपही त्यातच येतो. त्या निरोपाशिवाय खांबावर चढलेला त्याचा जोडीदार अजून भाजलेला हात बांधून घरी बसलाय, असं तो खाली बघत म्हणाला. थोरलीने मनगट सोडलं.

“एक तारा देते,” ती कारकुनाला म्हणाली. “तोही अंगावरून ओवाळून टाकल्यासारखा.”

एका ताऱ्याला चौकशी लागते, कारकून म्हणाला. आणि चौकशी मिटेपर्यंत नवी तक्रार घेता येत नाही. “पाच द्या. सगळे तेच करतात.”

थोरलीच्या तोंडून नुसतं ‘बरं झालंय’ ऐकायला तिच्या सुनांचे केस पिकत आले होते. व्याह्यांच्या पंगतीतसुद्धा आमटी खारट असेल तर ती खारटच म्हणायची. ती मोबाइल हातात धरून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात तो वाजला. धाकटी सून होती. सिलिंडरचा काटा लाल पट्टीत गेलाय, आणि मामंजी सारखं तुम्हालाच विचारतायत, एवढं सांगून ती रडायला लागली.

थोरलीने पाच तारे दाबले. मग काय आवडलं तेही निवडायचं होतं. चष्मा घरी राहिलेला, म्हणून कारकुनाने हळू आवाजात वाचून दाखवलं. तिने ‘तत्पर सेवा’वर बोट ठेवलं.

कारकुनाने नवी तक्रार नोंदवली, तसा वायरमनचा फोन वाजला आणि तो धावतच सुटला.

ती बाकावर बसून राहिली. बऱ्याच वेळाने सुनेचा पुन्हा फोन आला, मशीन सुरू झालं म्हणून. थोरली उठून दाराकडे निघाली.

रांगेतल्या एका माणसाने तिला अडवलं. त्याच्याकडेही कुणी फिरकलं नव्हतं आणि हातातल्या मोबाइलवर तारे आले होते. किती देऊ, त्याने विचारलं.

“पाच दे बाबा,” थोरली त्याच्याकडे न बघता म्हणाली. “सहावा ठेवलेला नाही, नाहीतर मी तोही दिला असता.”