गारठा

“बाई, यानाची वीज संपत आलीय. तुमच्या यंत्राचा हीटर बंद करावा लागेल,” मोहिमेचा प्रमुख म्हणाला. एकेकाळी तो त्यांचाच विद्यार्थी होता. “गारठून मरेल रे ते.” “तुम्हाला न विचारता बंद केला असता, तर तुम्ही मला मारलं असतंत.” बाई हसल्या नाहीत. हे यंत्र त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी जोडलं होतं. सूर्यमालेपलीकडच्या काळोखात ते अजून कण मोजत होतं. त्यांनी आज्ञा पाठवली, अंगातला स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि थंडीत तशाच घरी गेल्या. आज्ञा पोचायला एक दिवस, उत्तर यायला दुसरा. तिसऱ्या दिवशी त्या कुडकुडत आल्या. पडद्यावर तापमान कोसळलेलं दिसलं, पण कणांची मोजणी बिनचूक चालू होती. “बाई, परवा स्वेटर इथेच विसरलात.” “विसरले नव्हते रे,” त्या म्हणाल्या. “दे आता इकडे.”